कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात जाहिराती नाचायला लागल्या तर आधी फॉरमॅट मारू नका

परवा मामांचा फोन. "अरे पीसीला व्हायरस लागलाय, गिऱ्हाईक समोर उभारलंय आणि कोपऱ्यात काय बाय फोटो यायला लागलेत, असशील तसा ये." मामांचं कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आतल्या बोळात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, सातबाराच्या प्रिंटा, सगळं एकाच डबड्यावर चालतं. गेलो तर खरंच, उजवीकडं खाली दर मिनिटाला टिंग करून एक चौकोन वर यायचा, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले", मग "अँटिव्हायरस आज संपतंय", मग एक बाई. आणि समोर पत्रिकेचं प्रूफ बघायला नवरीचे वडील बसलेले, ते बिचारे भिंतीवरच्या गणपतीकडं बघत होते.

एका रिपेरिंगवाल्यानं आधीच सांगून टाकलेलं की फॉरमॅट मारायला लागतंय. मला हेच पटत नाही. फॉरमॅट मारला की फॉन्ट गेले, डेस्कटॉपवर ठेवलेल्या जुन्या पत्रिकांच्या फाइली गेल्या, प्रिंटर परत बसवा, आणि हे सगळं करून ज्या सवयीनं ती घाण आत आली ती सवय तशीच, म्हणजे पंधरा दिवसांत परत पहिले पाढे पंचावन्न. अ‍ॅडवेअर म्हणजे जबरदस्तीनं जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर, ते काही फार मोठं भूत नसतंय. त्याची राहायची जागा तीन-चारच, नोटिफिकेशन, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम), इन्स्टॉल झालेला प्रोग्राम, आणि त्यानं मागं ठेवलेली पिल्लं. त्याच क्रमानं बघत गेलं की बहुतेक वेळा तास-दीड तासात काम होतं.

पहिली गोष्ट नोटिफिकेशन, कारण लोक ज्याला व्हायरस म्हणतात त्यातलं लई वेळा हेच निघतं. तो चौकोन नीट वाचा, त्यात बारीक अक्षरात क्रोम किंवा एज असं लिहिलेलं असतं आणि शेजारी कुठल्यातरी साइटचं नाव. तसं असेल तर कॉम्प्युटरमध्ये काही शिरलेलं असेलच असं नाही, तुम्हीच (किंवा दुकानातल्या पोरानं) त्या साइटला "अलाऊ" दाबून परवानगी दिलेली असते. हे कसं होतं तर फुकट पिक्चर नाहीतर मॅच बघायच्या साइटवर गेलं की "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" असं येतं. खरा कॅप्चा कधीच अलाऊ दाबायला लावत नाही, तो फार तर ट्रॅफिक सिग्नल आणि बसचे फोटो ओळखायला लावतो.

काढायचं असं. क्रोममध्ये वर उजवीकडं तीन टिंबं, तिथनं सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसते. मामांच्या यादीत एकवीस होत्या, त्यातल्या एकोणीस मला वाचताही येईनात. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट ब्लॉक करा, नुसती रिमूव्ह केली तर ती परत विचारू शकते. आणि वरती, साइटना नोटिफिकेशन पाठवू द्यायचंच नाही असा पर्याय आहे तो निवडून ठेवा, दुकानाच्या पीसीला कुणाच्याच नोटिफिकेशनची गरज नसते. एजमध्ये पण साधारण असंच आहे, सेटिंग्जमध्ये परमिशन्सच्या आत.

इथं एक वेगळा इशारा, कारण हा प्रकार २०२४ पासून जास्तच दिसायला लागलाय. काही खोटे कॅप्चा सांगतात की विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. हे चुकूनही करायचं नाही. त्या साइटनं तुमच्या नकळत एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हातानं चालवता. यातनं जाहिराती नाही येत, यातनं सेव्ह केलेले पासवर्ड जातात.

बरं, टिंग थांबलं पण गुगलवर काही शोधलं की भलतंच सर्च पान उघडायचं. हे एक्स्टेन्शनचं लक्षण. तीन टिंबं, एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स. पीडीएफ कन्व्हर्टर, व्हिडिओ डाउनलोडर, कूपन शोधणारं, हवामान दाखवणारं, असल्या नावाची जास्त बघायला मिळतात. कुठलं खराब ते कळत नसेल तर सगळी बंद करा आणि एकेक चालू करत बघा. चांगलं एक्स्टेन्शन पण कायम चांगलं राहील असं नाही, मूळ बनवणारा ते दुसऱ्याला विकतो आणि नवा मालक अपडेटमधनं त्यात जाहिराती घुसवतो, तुम्हाला पत्ताच नसतो. आणि हो, क्रोममध्ये गुगल अकाउंटनं सिंक चालू असेल तर इथनं काढलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं परत येतं, म्हणून साफसफाई होईपर्यंत सिंक बंद ठेवा.

मामांच्याकडं एक एक्स्टेन्शन निघतच नव्हतं, रिमूव्हचं बटणच मिळेना, आणि क्रोमच्या मेन्यूत सगळ्यात खाली लिहिलेलं की हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते. आता मामांच्या दुकानात संस्था कुठली, भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर आहे तेवढीच. मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवाले लोक सगळ्या मशीनना नियम लावू शकावेत म्हणून विंडोजमध्ये पॉलिसी नावाची सोय आहे, अ‍ॅडवेअर तीच वापरून स्वतःला खिळे मारून बसतं. काही अँटिव्हायरस पण अशी पॉलिसी लावतात, त्यामुळं नुसतं ते वाक्य दिसलं म्हणून घाबरू नका, पण घरच्या पीसीवर एक्स्टेन्शन निघत नाही आणि वर हे वाक्य, दोन्ही एकदम असेल तर गडबड नक्की. रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथं साठवतं ती जागा) जाऊन ते हातानं काढता येतं पण सवय नसेल तर रजिस्ट्रीला हात लावू नका, पुढं सांगतो ते टूल हे काम करतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र तिथल्या माणसाला सांगा, स्वतः खुडबुड करू नका.

आता प्रोग्राम. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, आलेल्या चौकटीत इंग्रजीत control एवढंच टाइप करून एंटर (हे तुम्ही स्वतः टाइप करताय, कुठल्या साइटनं चिकटवलेलं नाही, फरक ध्यानात ठेवा), कंट्रोल पॅनेल उघडेल, त्यात अनइन्स्टॉल अ प्रोग्राम. यादीत "इन्स्टॉल्ड ऑन" या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की तारखेप्रमाणं लागते, आणि चोर इथंच सापडतो. मामांना विचारलं त्रास कधीपासनं, म्हणाले प्रिंटर परत जोडला त्या दिवसापासनं. बघितलं तर त्याच तारखेला चार प्रोग्राम, एक ड्रायव्हर अपडेट करणारा, एक पीसी फास्ट करणारा, एक ब्राउझर, आणि एक ज्याच्या नावावरनं काहीच कळेना. पोरानं प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणून गुगलवर पहिलं आलं ते उघडलं आणि सगळ्यात मोठं हिरवं डाउनलोडचं बटण दाबलं, ती जाहिरात होती. खरी लिंक खाली बारीक अक्षरात असते बिचारी.

काढताना पण ही मंडळी नाटकं करतात. मोठं रंगीत बटण "ठेवा" चं आणि काढायचं फिक्कट अक्षरात कोपऱ्यात, वर "खात्री आहे का" तीनदा. प्रत्येक पडदा वाचून मगच दाबा. चारही काढा, रिस्टार्ट मारा.

मग पिल्लं. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप (पीसी चालू झाला की आपोआप सुरू होणारे प्रोग्राम) बघा, अनोळखी असेल ते डिसेबल. टास्क शेड्युलर पण उघडा, तिथं कधीकधी दर तासाला ब्राउझर उघडून एखादी साइट लावायचं काम टाकलेलं असतं, तेवढंच उडवा, विंडोज, गुगल, एजच्या अपडेटची कामं राहू द्या. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटच्या आत प्रॉक्सी (नेटची वाट मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं वळवायची सोय) आहे, घरच्या पीसीवर तुम्ही स्वतः लावलेला नसेल तर हातानं लावायचा प्रॉक्सी बंदच पाहिजे. आणि डेस्कटॉपवरचा क्रोमचा शॉर्टकट, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या शेवटी एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर क्रोम उघडलं की तीच साइट येणार, कितीबी होमपेज बदला. शॉर्टकट डिलीट करून नवा करणं सगळ्यात सोपं.

एवढं झालं की अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर चालवा, मघाशी म्हटलेलं टूल ते हेच. फुकट आहे, इन्स्टॉल पण करायला लागत नाही, २०१६ साली मालवेअरबाइट्स कंपनीनं ते घेतलं, त्यामुळं त्याच कंपनीच्या साइटवरनं घ्या, नाहीतर जाहिराती काढायचं टूलच जाहिरातवाल्याकडनं आणाल. स्कॅन झाल्यावर यादी वाचा. लॅपटॉप कंपनीनं आधीच घालून दिलेले प्रोग्राम ते वेगळे दाखवतं, ते काढलेच पाहिजेत असं काही नाही. बाकी क्वारंटाइन, म्हणजे बाजूला कोंडून ठेवा. ती पॉलिसी पण इथंच गेली. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये रिसेट मारा, बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत, मामांना हे चारदा सांगायला लागलं. शेवटी विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन आहे तो लावा, पीसी रिस्टार्ट होतो, पंधरा-वीस मिनिटं जातात, तेवढ्यात चहा.

परत येऊ नये म्हणून काय, तर एक सेटिंग आहे जे मला वाटतं सगळ्यांनी आजच बघावं. विंडोज सिक्युरिटी, अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शनची सेटिंग्ज, त्यात नको असलेली अ‍ॅप ब्लॉक करायचा पर्याय आहे, अ‍ॅप आणि डाउनलोड दोन्हीवर टिक पाहिजे. मे २०२० च्या विंडोज १० पासनं ही सोय आहे, मामांच्याकडं बंद होती, कुणी बंद केली कुणास ठाऊक. बहुतेक क्रॅकवाल्यानं. फुकटात अ‍ॅक्टिव्हेट करून देणारं प्रत्येक क्रॅक पहिल्यांदा काय सांगतं, अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे चोरानं दारात येऊन म्हणायचं, जरा कुत्रं बांधा.

ड्रायव्हर फक्त प्रिंटर कंपनीच्या साइटवरनं, नाहीतर विंडोज अपडेट स्वतः आणतं ते. सर्चमधल्या स्पॉन्सर्ड लिहिलेल्या ओळी सोडून द्या. कुठलंही फुकट सॉफ्टवेअर घालताना "रेकमेंडेड" ऐवजी "कस्टम" निवडा आणि नेक्स्ट नेक्स्ट करत पळू नका, बनवणाऱ्याला जोडीनं घुसवलेल्या प्रत्येक प्रोग्राममागं पैसे मिळतात, तिथंच टिक मारून ठेवलेली असते. दुकानातल्या पोराला वेगळं साधं अकाउंट काढून द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड आपल्याकडं, मग बऱ्याच गोष्टी आपल्याला विचारल्याशिवाय त्याला घालता येत नाहीत. जाहिराती अडवायला यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन चांगलं, पण क्रोमनं नियम बदलल्यावर तिथं आता त्याचं लाइट रूपच चालतं, पूर्ण पाहिजे तर फायरफॉक्स घ्या.

नवा कोरा लॅपटॉप आहे म्हणून निर्धास्त राहू नका बरं का. २०१४ च्या शेवटी लेनोवोनं काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर कारखान्यातनंच घालून दिलेलं, त्यानं स्वतःचं सर्टिफिकेट बसवल्यामुळं कुलपाचं चिन्ह असलेल्या साइटमधलं पण वाचता यायचं, २०१५ च्या फेब्रुवारीत बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं काढायचं टूल दिलं.

आणि अख्खा पडदा भरून "या नंबरला फोन करा" आलं, आवाज यायला लागला, तर फोन करू नका, टास्क मॅनेजरमधनं ब्राउझर बंद करा. कुणी आधीच फोन करून स्क्रीन त्यांच्या ताब्यात दिली असेल किंवा पैसे गेले असतील तर नेट काढा, बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्यात उशीर नको.

सगळं आवरेपर्यंत नऊ वाजले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत मामांचा फोन. म्हणलं आता काय. तर म्हणे, "अरे सकाळपासनं टिंग वाजलंच नाही, स्पीकर गेला काय बघ की जरा."