बंद पडलेल्या मदरबोर्डची बायोस चिप पुन्हा कशी लिहावी

बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करताना काम अर्धवट राहिलं आणि मदरबोर्ड सुरूच होईना, तर तो लगेच भंगारात काढू नका. बऱ्याचदा बोर्डवरची आठ पायांची फ्लॅश चिप, जिच्यात बायोस साठवलेलं असतं, पुन्हा लिहिली की भागतं. त्यासाठी सीएच३४१ए हा स्वस्त यूएसबी प्रोग्रामर (चिप वाचणारं-लिहिणारं उपकरण), चिपला लावायची एसओआयसी-८ क्लिप आणि लिनक्सवर चालणारं फ्लॅशरॉम हे मुक्त सॉफ्टवेअर एवढं पुरतं.

आधी भिंगातून चिपचा पूर्ण नंबर वाचा. उदाहरणार्थ, विनबाँड कंपनीची डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही ६४ मेगाबिटची, म्हणजे ८ मेगाबाइटची आणि ३.३ व्होल्टवर चालणारी. शेवटी एफव्हीऐवजी डीडब्ल्यू असेल तर ती १.८ व्होल्टची, आणि मग मध्ये व्होल्टेज कमी करणारा अडॅप्टर हवाच. सीएच३४१एचे बरेच काळे बोर्ड डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट देतात, म्हणून चिपला जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजून घ्या.

आता चार्जर, बॅटरी आणि सीमॉस सेल (बोर्डवरचा नाण्यासारखा गोल सेल) काढा. चिपवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय. क्लिपची लाल तार त्याच बाजूला आली पाहिजे.

खरी काळजी घ्यायची ती वाचताना. टर्मिनलमध्ये फ्लॅशरॉम सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवा: 'पी' पर्यायापुढे प्रोग्रामरचं नाव, 'आर'पुढे फाइलचं नाव. चिप सापडली नाही तर क्लिप काढून पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा नीट बसवा. एकाच चिपची दोन-तीन नावं दाखवली, तर अंगावरच्या नंबराशी जुळणारं नाव 'सी'पुढे द्या. मग दोनदा वाचून दोन वेगळ्या फाइली करा आणि त्यांचे एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा कोड) ताडून पाहा. एका अक्षराचा जरी फरक असला, तरी क्लिप हलते आहे असं समजा आणि लिहायला अजिबात जाऊ नका. बिघडलेल्या चिपचीही ही प्रत जपून ठेवा, कारण अनेक बोर्डांचा सिरियल नंबर आणि मॅक पत्ता (नेटवर्कवरची ओळख) त्यातच असतो.

लिहायची नवी बायोस फाइल चिपच्या आकाराएवढीच हवी. उत्पादकाच्या अपडेट फाइलला कधीकधी सुरुवातीला जादा हेडर (माहितीचा तुकडा) जोडलेलं असतं. ते काढल्याशिवाय फ्लॅशरॉम ती घेत नाही. 'आर'च्या जागी 'डब्ल्यू' दिलं की लिहिणं सुरू होतं. आधी जुना मजकूर पुसून सगळे बिट १ होतात, मग जिथे लागेल तिथे ० लिहिले जातात, आणि शेवटी पडताळणी आपोआप होते. तोवर क्लिपला हात लावू नका. पडताळणी फसली तरी वायर उपटू नका, तसंच पुन्हा लिहा.

सगळं जुळलं की क्लिप काढा, सेल बसवा आणि बोर्ड सुरू करा. पहिल्यांदा पडद्यावर काही दिसायला वेळ लागू शकतो. एखाद्या वेळी तो आपोआप रिस्टार्टही होतो. लगेच पॉवर बंद करू नका.