दोन इंजिनांचं विमान भागीदारीत घेताय? या चुका टाळा

जुनं, दोन पिस्टन इंजिनांचं विमान बरेचदा एका इंजिनाच्या चांगल्या विमानापेक्षा स्वस्तात मिळतं. इथेच माणसं फसतात. सेनेका, ॲझ्टेक, सेस्ना 310 अशा दोन इंजिनी विमानांच्या किमती वयाबरोबर घसरतात, सुट्या भागांच्या मात्र घसरत नाहीत. सिलिंडर, प्रॉपेलरचा हब (पाती धरणारा मधला भाग), लँडिंग गियरचा ॲक्च्युएटर (चाकं वर-खाली करणारी यंत्रणा) यांची बिलं आजच्याच भावाने येतात. चौघांत घेतलं की खर्च पाव होतो हे खरं, पण बिल कधी येणार हे विमान ठरवतं आणि त्या वेळी चौघांच्याही खिशात पैसे असावे लागतात.

तासांवर भागलेला राखीव निधी

सगळ्यात जास्त भागीदाऱ्या या एका भागाकाराने मोडतात. लायकमिंग या इंजिन कंपनीच्या 360 मालिकेतल्या बऱ्याच इंजिनांचा टीबीओ, म्हणजे दोन ओव्हरहॉलमधला (इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्त्यांमधला) काळ, 2000 तासांचा. मग ओव्हरहॉलच्या खर्चाला 2000 ने भागायचं, तेवढे पैसे दर तासाला बाजूला टाकायचे आणि निवांत व्हायचं. पण त्याच कागदावर पुढे लिहिलेलं असतं: ‘किंवा 12 वर्षं, जे आधी येईल ते’. ते वाचायचा कंटाळा.

चार भागीदार, प्रत्येकाचे वर्षाला 25 तास, म्हणजे विमान वर्षाला 100 तास उडतं. बारा वर्षांत 1200 तास. निधी भरला 60 टक्के आणि इंजिनं मात्र दोन्ही एकाच वर्षी दारात उभी. प्रॉपेलरचं गणित तर याहून वाईट. हार्टझेल कंपनीच्या बऱ्याच प्रॉपेलरांना 2400 तास किंवा 6 वर्षं अशी मर्यादा असते. सहा वर्षांत उडले 600 तास, जमले गरजेच्या पाव पैसे.

पुढचं ठरलेलं असतं. प्रॉपेलरच्या हबमधून ग्रीस गळायला लागतं, वर्कशॉप तो उघडतं, पात्याची जाडी किमान मापाखाली निघते. एक भागीदार म्हणतो पैसे आहेत, दुसरा म्हणतो पुढच्या वर्षी बघू, तिसरा हिस्सा विकायला काढतो, चौथा फोन उचलत नाही. विमान आठ महिने हँगरमध्ये उभं राहतं आणि उभं राहिल्यामुळे इंजिनं आतून गंजायला लागतात. दुरुस्ती एका प्रॉपेलरची होती, बिल दोन इंजिनांपर्यंत जातं.

हिशेब असा करा. इंजिनाचा ओव्हरहॉल भागिले 144 महिने, प्रॉपेलरचा भागिले 72 महिने, दोन्ही गुणिले दोन, मग भागीदारांच्या संख्येने भागा. हा आकडा दर महिन्याला प्रत्येकाने भरायचा, उडा नाहीतर घरी बसा. तासांवर फक्त इंधन, तेल, टायर, ब्रेक. इंजिनाच्या बाबतीत वर्षाला साधारण 167 तासांच्या वर उडालात तरच तासांचा आकडा महिन्याच्या आकड्याला मागे टाकतो. चौघांच्या हौशी भागीदारीत एवढे तास होत नाहीत, उगाच स्वप्नं नकोत.

‘खासगी उड्डाणाला टीबीओ बंधनकारक नसतो’ हे उत्तर तयारच असतं. बऱ्याच ठिकाणी ते बरोबरही आहे. इंजिन तंदुरुस्त असेल तर जरूर पुढे चालवा, पण पैसे जमवून चालवा. टीबीओनंतर इंजिन कधी हात टेकेल याची तारीख आगाऊ कळत नाही.

जमिनीवर दहा मिनिटं ‘फिरवून’ ठेवणं

महिनाभर उड्डाण नाही, म्हणून कुणीतरी भला भागीदार येतो, दोन्ही इंजिनं दहा मिनिटं चालवतो आणि समाधानाने घरी जातो. त्यापेक्षा आला नसता तर बरं. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (प्रॉपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. इंजिन थांबलं की तेल खाली निथळतं आणि कॅमचे लोब, म्हणजे उंचवटे, उघडे पडतात. ज्वलनातून तयार झालेलं पाणी तेलातून उडून जायला तेल 75 ते 90 अंश सेल्सिअसला काही वेळ टिकावं लागतं. जमिनीवर, पुरेशा वाऱ्याशिवाय, ते होत नाही. उलट सिलिंडर तापतात आणि तेलात नवं पाणी भरतं. उडवायचं तर तेल त्या तापमानाला किमान अर्धा तास राहील असं उडवा, नाहीतर हात लावू नका. काही महिने उभंच राहणार असेल तर गंजरोधक तेल घाला आणि स्पार्क प्लगच्या जागी आर्द्रता शोषणारे प्लग लावा. प्रॉपेलर हाताने फिरवून ‘तेल पसरवणं’ हाही गैरसमजच. उरलासुरला तेलाचा पातळ थर पुसला जातो आणि मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) तार सैल असेल तर इंजिन अचानक सुरू होऊन हात तुटू शकतो.

गंजलेल्या कॅम आणि लिफ्टरचा (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) पहिला पुरावा ऑइल फिल्टरमध्ये सापडतो, तोही फिल्टर कापला तर. करवतीने कापू नका, करवतीचाच चुरा आत पडतो आणि मग नसलेल्या आजारावर चर्चा सुरू होते. फिल्टर कटर घ्या. घडीचा कागद दोन्ही टोकांना पात्याने कापून सोडवा, स्वच्छ सॉल्व्हंटमध्ये हलवा, दाबून निथळवा, उन्हात पसरा. मग लोहचुंबक फिरवा. चिकटलं तर पोलाद, म्हणजे कॅम, लिफ्टर, गियर यांपैकी काहीतरी. न चिकटणारी चमक म्हणजे ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू. डाव्या आणि उजव्या इंजिनाचे कागद वेगळ्या पिशव्यांत, तारीख आणि तास लिहून ठेवा. फिल्टर असेल तर दर 50 तासांनी किंवा 4 महिन्यांनी तेल बदला, नुसती जाळी असेल तर 25 तासांनी. चार महिन्यांची अट सगळे सोयीस्कर विसरतात.

दोन्ही इंजिनांना एकाच दिवशी, एकाच हाताने

‘एकदाच काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडतोय तर दोन्हीकडचं उरकून टाकू’. या घाईबद्दल आमचं मत अगदी वाईट आहे. 5 मे 1983 रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं एल-1011 जातीचं विमान मायामीहून नासाऊला निघालं. त्याला तीन इंजिनं होती. आदल्या देखभालीत तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर (तेलातले धातूचे कण पकडणारे भाग) बदलले होते आणि तिन्हींवर ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) बसवायच्या राहिल्या होत्या. तिन्हींतून तेल गळलं. मधलं इंजिन वैमानिकांनी आधीच बंद केलं होतं, मायामीकडे परतताना उरलेली दोन्ही थांबली. मधलं पुन्हा सुरू झालं म्हणून ते उतरू शकले. विमानातले 172 जण वाचले. एका इंजिनावर झालेली चूक एकाच देखभालीत उरलेल्या दोघांवरही झाली होती.

छोट्या विमानात हीच चूक फिल्टरच्या गॅस्केटची होते. जुनं गॅस्केट बैठकीला चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर चढतो आणि दुहेरी गॅस्केट दाबाखाली फुटतं. बैठक बोटाने चाचपून पाहा, फिल्टरवर छापलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा (सहसा 16 ते 18 फूट-पाउंड), सैल होऊ नये म्हणून सेफ्टी वायर बांधा, काउलिंग उघडं ठेवून इंजिन चालवा आणि मग टॉर्च घेऊन खाली वाका. मॅग्नेटो, सिलिंडर, इंधन पंप यांची कामं डाव्या-उजव्या बाजूंना आलटून पालटून करा, मध्ये 10 तास उडू द्या. काउलिंग दोनदा उघडावं लागेल. लागू द्या.

दोष शोधताना

दोन इंजिनांचा एकच खरा फायदा म्हणजे तुलना. उजव्या ऑइल प्रेशरचा काटा खाली दिसला तर इंजिन उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे सेन्सर अदलाबदल करून बघा. दोष सेन्सरबरोबर डावीकडे गेला तर प्रश्न मिटला. पण सेमिनोलसारख्या विमानात उजवं इंजिन उलट फिरतं (तिथे त्याचं नावच एलओ-360 आहे). त्याचा स्टार्टर, मॅग्नेटो, व्हॅक्यूम पंप डाव्या बाजूला लावायला जाऊ नका.

फेदरची, म्हणजे बंद इंजिनाच्या प्रॉपेलरची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवण्याची, चाचणी टाळू नका. साधारण 1500 आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) प्रॉपेलरचा लिव्हर मागे, फेऱ्या 500 पेक्षा जास्त पडू न देता परत पुढे. तुमच्या हँडबुकमधला आकडा अंतिम. प्रॉपेलर सुस्त वाटला तर डोममधला (प्रॉपेलरच्या पुढच्या टोपीतला) नायट्रोजनचा दाब तपासा, आणि तो तापमानाच्या तक्त्याप्रमाणे मोजा. बऱ्याच प्रॉपेलरांत साधारण 800 आरपीएमखाली पाती जागेवर अडकवणाऱ्या लॉक पिन आत शिरतात आणि मग फेदर होत नाही. बंद पडणाऱ्या इंजिनावर विचार करत बसायला वेळ नसतो तो यामुळे.

विमानाच्या नाकातला कंबशन हीटर (इंधन जाळून केबिन तापवणारा) वापरत नसाल तरी त्याची दाब-चाचणी चुकवू नका. फुटलेली नळी कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये सोडते. रबरी टाक्या रिकाम्या ठेवून विमान परत करणारा भागीदार टाकीचं आयुष्य कमी करतो.

कागदावरच्या चुका

तक्रारवहीत ‘उजवं इंजिन नीट वाटत नाही’ असं लिहिणाऱ्याकडून पेन काढून घ्यावं. आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), उंची, तेलाचं तापमान, मिक्श्चरचा (इंधन-हवेच्या मिश्रणाचा) लिव्हर कुठे होता, त्रास किती मिनिटांनी थांबला हे लिहा.

काही जण हॉब्जवर (घड्याळाचे तास मोजणाऱ्या मीटरवर) पैसे भरतात, काही टॅकवर (इंजिनाच्या फेऱ्यांवरून तास मोजणाऱ्या मीटरवर). टॅक कमी आरपीएमवर हळू चालतो, त्यामुळे दोन्हींत फरक पडतो. एकच मीटर ठरवा.

विम्याचा हप्ता सगळ्यात कमी अनुभवाच्या वैमानिकावर ठरतो. नवा भागीदार घ्यायच्या आधी विमा कंपनीला विचारा, नंतर नाही.

विमान जमिनीवर उभं करायचा अधिकार कुणाही एका भागीदाराला हवा, परत उडवायला मात्र मेकॅनिकची सही हवी. मतदानाने विमान दुरुस्त होत नाही. ठराविक रकमेखालचा खर्च एकट्याच्या निर्णयावर होऊ द्या, नाहीतर टायर बदलायला चौघांची बैठक भरते. बाहेर पडणाऱ्याच्या हिश्श्याची किंमत लावताना इंजिनं आणि प्रॉपेलर यांची संपलेली वर्षं वजा करा, आणि राखीव निधी विमानाबरोबर राहतो, कुणी तो परत नेऊ शकत नाही, हे करारात स्पष्ट लिहून त्यावर चौघांच्या सह्या घ्या.