गळ्यात माळ घातली, आता गावात राहाचं कसं?

आषाढीला पंढरपूरहून गाडी परत आली का आपल्याकडे गावोगावी चार-दोन नवे माळकरी दिसतात. मग दीड-पावणेदोन महिन्यात पोळा येते, अन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. कर म्हणजे आपल्या विदर्भात काय असते ते सांगायची गरज नाही, घरोघरी मटन, धुऱ्यावर बाटल्या, झाडाखाली पत्ते. निम्म्या नव्या माळा त्याच दिवशी खुंटीला जातात. माणूस वाईट असते म्हणून नाही, त्यानं आधी काही ठरवलेलंच नसते अन ऐनवेळी समोर सख्खा साळा ग्लास घेऊन उभा राहते म्हणून. तर ज्यांनी यंदा घातली किंवा कार्तिकीला घालायचा विचार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिलं म्हणजे घरात बोला, अन माळ घालायच्या आधी बोला. मटन-दारू बंद, एकादशी, रोजचा हरिपाठ, जमलं तर वारी, एवढं तर सगळ्यांना माहीत असते, पण त्यातलं अर्धं काम बायकोच्या अंगावर पडते हे कोणी ध्यानात घेत नाही. बाकीचे घरचे खाणारे असले तर भांडे वेगळे, चूल वेगळी, एकादशीचा फराळ वेगळा, म्हणजे माळ याच्या गळ्यात अन घासणं तिच्या नशिबी! आपल्या ताटाचं आपण पाहायचं, साबुदाणा आपण भिजवायचा, पोरांनी अंडं खाल्लं तर तोंड वाकडं करायचं नाही. त्यांनी माळ घातलेली नाहीये.

आता नाही म्हणायचं कसं. छोटं म्हणायचं. "माळ आहे भाऊ", बस. लोकं तिथंच चुकतात, नाही म्हणायच्या ऐवजी कीर्तन सुरू करतात, दारूनं किती घरं बुडाली वगैरे, अन समोरच्याच्या हातात भरलेला ग्लास असते, मग त्याला राग येणारच ना. तो म्हणन, "एका घोटानं काय होते बे, देव काय वरून पाह्यते काय?" हसायचं अन शेंगदाणे उचलायचे. दोन-तीनदा विचारतात, मग सोडून देतात, उलट रात्री घरी पोचवून द्यायला तुम्हालाच शोधतात. आजारपणाचं, गोळ्या चालू असल्याचं खोटं कारण मात्र सांगू नका, गोळ्या संपल्या का नाही ते विचारायला लोकं बरोबर महिन्यानं येतात.

अन घरात लपून बसू नका. कर आली, पार्टी आहे, तर आपणच आदल्या दिवशी सांगून टाकायचं का रोडगे माझ्या वावरात. रोडग्याला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाह्यला नाही. जाडसर दळलेली कणीक घट्ट मळायची, गवऱ्यांचा आर चांगला लाल झाला का त्यात गोळे दाबायचे, बाजूला वांग्याची भाजी उकळत ठेवायची, लसणाचं वरण. रोडगा निघाला का फडक्यात धरून राख झटकायची, बुक्की मारून फोडायचा अन आत तूप सोडायचं. पिणारे आधी पिऊन येतील, येऊ द्या. पण पंगत तुमची, जेवण तुमचं, म्हणजे तुम्ही कोपऱ्यात पापड खात बसलेले पाहुणे राहत नाही. माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, नुसतं सोडून चालत नाही, त्या जागी काहीतरी मांडावं लागते.

लग्नाच्या पंगतीत वाढणारे पोट्टे घाईत मटनाची पळी वरणात घालतात, तेव्हा पहिल्या पंगतीला बसायचं नाहीतर सरळ पोळी, चटणी अन कांदा. तमाशा नको.

कुळाच्या देवाला बोकड कबूल केलेला असला तर प्रकरण अवघड होते कारण तिथं देवाचंच नाव पुढं करतात. म्हाताऱ्या आईशी वाद घालून काही मिळत नाही. दर्शनाला जा, नारळ फोडा, गोड नैवेद्य करा, अन घरात सांगून ठेवा का यापुढं माझ्या नावानं नवस बोलायचा नाही.

हे सगळं मात्र सोपंच आहे हो, खाण्यापिण्याचं. माळेची खरी परीक्षा होते बैठकीत. पोराचं लग्न ठरते, साक्षगंधाच्या आधी दहा लोकं सतरंजीवर बसतात, अन पोराकडचा इवाई (व्याही) म्हणते, "आमाले काई नाई पाह्यजे, तुमच्या पोरीच्या हौसेनं काय द्याचं ते द्या." हे वाक्य आपल्याकडून निघू द्यायचं नाही! बैठकीच्या आधी पोरीच्या बापाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगायचं का हुंडा नाही, गाडी नाही, आहेर नाही, वरात डीजेशिवाय, अन सोबत मामा-काका जे बोलघेवडे आहेत त्यांनाही घरूनच सांगून आणायचं कारण मोडता तेच घालतात. हुंडा देणं-घेणं दोन्ही १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण कायद्याचं नाव घेऊन आपल्या गावात कोणी ऐकत नाही, "माळकरी माणूस हाय, घेत नाई" हे ऐकतात. तेरवीचंही तसंच, तूर विकायच्या आधी सावकाराकडून काढून गावजेवण घालायचं काही देवानं सांगितलं नाही.

लोकं काय म्हणतील याची भीती वाटत असंल तर गाडगेबाबांकडे पाहा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, १८७६ चा जन्म, बाप दारूपायी गेला. पोरीच्या बारशाला जातीत दारू-मटनाचं जेवण द्यायची रीत होती, यांनी गोड जेवण घातलं. भाऊबंद चिडले. तेव्हा ते बाबा नव्हते, वावरात राबणारे साधे डेबूजी होते, हे विसरू नका.

एक गोष्ट जरा तिखट आहे पण सांगतो. माळ घातल्यावर काही जण "त्याच्या घरचं पाणी चालत नाही" असं म्हणायला लागतात, अन ते घर नेमकं कोणाचं असते ते गावात सगळ्यांना कळते. मटन नको म्हणणं वेगळं, हा विटाळ वेगळा, हा तर जुन्या गावाचाच रोग आहे, फक्त माळ घालून आला. चोखोबा आपल्याच बुलढाण्यातल्या मेहुणाराजाचे मानतात, त्यांना विठ्ठलाच्या देवळात जाऊ दिलं नाही, समाधी बाहेर महाद्वाराजवळ आहे, अन ते देऊळ दलितांसाठी उघडायला साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. म्हणून त्या घरी मुद्दाम जा, बसा, चहा घ्या.

एकट्यानं टिकत नाही. गावात भजनी मंडळ असंल तर हरिपाठाला तिथं जा, नसंल तर गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची प्रार्थना आपल्याकडे बऱ्याच गावात होते, तुकडोजी महाराजांनी मोझरीहून लावलेली सवय आहे ती. गणपतीत पोट्टे डीजेची वर्गणी मागायला आले तर त्यांना हाकलू नका, "डीजेले नाई, महाप्रसादाले एक कट्टा गहू देतो" म्हणा अन त्याच दिवशी द्या.

अन माळ तुटतेच कधीतरी, पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, वाकून काम करताना फांदीला अडकते. बरेच जण दुसरी गळ्यात पडेपर्यंत जेवत नाहीत, म्हणून एक जास्तीची आणून देव्हाऱ्यात ठेवा, अन ओवायला दोरा नायलॉनचा घ्या, सुती घामानं सडते.