गावाकडून लंडनला: मुलांसह सहलीची तयारी कशी करावी

लहान मुलांना लंडन दाखवायचे असेल, तर तिकिटांच्या आधी तारखांचा विचार करावा. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, म्हणजे जूनच्या अखेरीस उघडतात. मात्र जून लागताच शेतकरी कुटुंबाला पेरणीचे वेध लागतात, त्यामुळे खरा मोकळा महिना मे हाच उरतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडमधील शाळांनाही सुट्टी असते आणि संग्रहालयांत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून पहिला पंधरवडा उत्तम. लग्नसराईत गावाबाहेर राहिल्याबद्दल नातेवाईक रुसतील, त्याला इलाज नाही.

त्या तारखेपासून उलटी गणना करावी. ब्रिटनच्या व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो, म्हणून सर्वांची पारपत्रे जानेवारीपर्यंत हातात असावीत. मुलांच्या पारपत्रात अडचण येते ती बहुधा नावाची. ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर ‘वानखेडे’, आधारवर ‘वानखडे’ आणि शाळेच्या नोंदीत इंग्रजी स्पेलिंग तिसरेच, असे आपल्याकडे सर्रास आढळते. आधी जन्मदाखल्यातील नाव ग्रामसेवकाकडून दुरुस्त करून घ्यावे, त्यानुसार आधार बदलावे आणि मगच पारपत्राचा अर्ज भरावा. विमानाच्या तिकिटावर पारपत्रातील नाव अक्षरशः जसेच्या तसे हवे. अल्पवयीन मुलाचे पारपत्र पाच वर्षे किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच चालते. म्हणून मोठ्या मुलाचे जुने पारपत्र असल्यास त्याची मुदत आधी पाहावी.

व्हिसाच्या अर्जात शेतकरी कुटुंबाने सर्वाधिक कष्ट उत्पन्नाच्या पुराव्यावर घ्यावेत. नोकरदाराच्या खात्यात दरमहा पगार जमा होतो. आपल्या खात्यात मात्र दिवाळीनंतर सोयाबीनचे, पुढे कापसाचे आणि तुरीचे पैसे एकदम येतात व नंतर कित्येक महिने शुकशुकाट असतो. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ही मोठी रक्कम कोठून आली हे कळले नाही, तर ती केवळ व्हिसासाठी उसनी आणून ठेवली अशी शंका येऊ शकते. म्हणून निदान सहा महिन्यांचे बँक विवरण घ्यावे आणि त्यातील प्रत्येक मोठ्या जमेसमोर बाजार समितीची हिशोबपट्टी किंवा कापूस खरेदीची पावती जोडावी. सोबत सातबारा आणि एक साधे पत्र द्यावे, ज्यात किती एकर जमीन आहे, कोणती पिके घेतली जातात, पैसा कोणत्या महिन्यांत येतो आणि पेरणीसाठी परतणे का आवश्यक आहे, हे स्पष्ट लिहिलेले असेल. सातबारा मराठीत असल्याने त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. शेती उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे अनेकांकडे आयकर विवरणपत्र नसते. असल्यास तेही जोडावे. एजंटाच्या सांगण्यावरून खात्यात तात्पुरती रक्कम फिरवू नये. मुलासाठी स्वतंत्र अर्ज आणि मोठ्यांइतकेच शुल्क लागते. मूल एकाच पालकासोबत किंवा आजी-आजोबांसोबत जाणार असेल, तर न येणाऱ्या पालकाचे संमतिपत्र अवश्य द्यावे.

मुंबईहून लंडनला थेट विमाने आहेत. विदर्भ एक्स्प्रेसने जाऊन त्याच दिवशी विमान पकडण्याचे धाडस करू नये. एक दिवस आधी मुंबईत पोहोचावे. सामानात तूप, पेढे, दूध पावडर किंवा मांसाचा कोणताही पदार्थ ठेवू नये, कारण आपल्याकडून मांस व दुग्धजन्य पदार्थ नेण्यास तेथे मनाई आहे. ताजी संत्री आणि बियाणेही घरीच राहू द्यावीत. तेलावर केलेला चिवडा, बिस्किटे आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी मात्र मुलांना फार उपयोगी पडते. पहिल्या दोन दिवसांनंतर वरण-भाताची आठवण येतेच, तेव्हा यूस्टन स्थानकाजवळील ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भारतीय जेवण मिळते.

मेमध्ये लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तेथे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा मुलाच्या शरीरात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, आणि पहाटे तीनलाच ते टक्क जागे होते. बाहेर साडेआठपर्यंत उजेड असल्याने मोठ्यांना फिरण्याचा मोह होतो; तो पहिले तीन दिवस आवरावा. दिवसाला दोनच ठिकाणे ठरवावीत: एक सकाळी, एक जेवणानंतर.

शहरात फिरण्यासाठी प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचे बँक कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचे लंडनच्या बस-रेल्वेचे कार्ड) हवे, कारण बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. अकरा वर्षांखालील मुले तिकीट काढलेल्या प्रौढासोबत भुयारी रेल्वेने मोफत जातात. एका प्रौढामागे अशी चार मुले चालतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे. मूल गाडीत चढले आणि आपण फलाटावरच राहिलो, तर काय करायचे हे आधीच घोकून घ्यावे: त्याने पुढच्या स्थानकावर उतरून तेथेच थांबायचे, आणि आपण पुढच्या गाडीने पोहोचायचे.

पाहण्याच्या ठिकाणांत पहिला मान नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला द्यावा. प्रवेश मोफत आहे, तरी वेळेचे आरक्षण ऑनलाइन करावे. मुख्य दालनात छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांबीचा सांगाडा पाहून चालता-बोलता मुलगा गप्प होतो. जवळच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने वाघनखे २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली आहेत, तेव्हा ती तेथे शोधत फिरू नये. ग्रीनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांशाची रेषा आहे. पाचवी-सहावीच्या मुलाला तिच्यावर उभे करून गणित घालावे: भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची आणि प्रत्येक रेखांशामागे चार मिनिटे, म्हणजे साडेपाच तास, मग आपल्या घड्याळात फरक साडेचारच का? उन्हाळ्यात तेथे घड्याळे तासभर पुढे करतात, हे उत्तर त्यालाच शोधू द्यावे. बकिंगहॅम राजवाड्यासमोरील पहारेबदल मात्र लहानांना दाखवू नये असे माझे मत आहे. तासभर उभे राहून त्यांना मोठ्यांच्या पाठीच दिसतात. त्याऐवजी व्हाइटहॉलवरील हॉर्स गार्ड्सकडे जावे, जेथे घोडेस्वार अगदी जवळून दिसतो.

दीक्षाभूमीला नेमाने जाणाऱ्या कुटुंबांनी चॉक फार्म स्थानकाजवळील किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर चुकवू नये. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तेथे राहत होते, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन तेथे स्मारक केले. लंडनचे प्राणिसंग्रहालय तेथून जवळ असल्याने दोन्ही एकाच दिवशी होतात.

मुलाच्या खिशात हॉटेलचे नाव, पत्ता आणि पालकांचा देशाच्या क्रमांकासह मोबाइल क्रमांक इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी रोज सकाळी ठेवावी. संकटकाळी ९९९ हा क्रमांक फिरवावा, आणि तो मुलाकडूनही पाठ करून घ्यावा.