दोन लाख किलोमीटर पार केलेली एसयूव्ही किंवा पिकअप कशी सांभाळायची

मीटरवर २ लाखाचा आकडा आला की घरात लगेच विषय निघतो, आता विकून टाकूया का म्हणून. पण चेसिस धड असेल आणि इंजिनात ऑईल वेळेवर पडत आलं असेल तर अशी मोठी गाडी अजून बरीच वर्षं आरामात चालते, आकड्याचं तेवढं मनावर घेऊ नका. बघायचं ते हे, की आजवर काय काय बदललं गेलंय आणि कशाला कोणी हातच लावलेला नाही.

पैसे घालायच्या आधी गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. वरवरचा लालसर गंज चालतो, तो घासून रंग मारता येतो. पण चेसिसवर, खास करून मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बसतात तिथे, जुन्या स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा, टणक आवाज आला तर ठीक आणि पापुद्रे सुटून टोक आत गेलं तर तिथेच थांबा, अशा गाडीत नवा क्लच टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. ब्रेकचे लोखंडी पाईपही त्याच वेळी बघून घ्या.

मग जुनी बिलं काढून बसा आणि एका वहीत लिहा, काय कधी बदललं आणि किती किलोमीटरला. ज्याचं बिल सापडत नाही ते काम झालेलंच नाही असं धरायचं, मग आधीचा मालक काहीही सांगो. यात सगळ्यात वर टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा. गाडीप्रमाणे ६० हजार ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान तो बदलायचा असतो, नाहीतर ठरावीक वर्षांनी, जे आधी होईल ते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. तो चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकून व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायची पाळी येते. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही सोबतच बदला, कारण खोलाखोलीची मजुरी एकदाच पडते. बेल्टऐवजी चेन असेल तर सकाळी पहिल्या स्टार्टला कान द्या, काही सेकंद खडखड येत असेल तर दाखवून घ्या.

इंजिन ऑईल दर आठवड्याला बघायचं, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी. जुनं इंजिन थोडं ऑईल पितंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त लेव्हल खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर बघा, डिझेल गाडीत बरेचदा तिथेच सुटतं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही आणि कूलंट कमी होतंय, किंवा डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसतंय, तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलेलं असू शकतं. कूलंटमध्ये नुसतं पाणी ओतत राहायची सवय असेल तर ती आजच सोडा, आतून गंजायला तेवढं पुरे होतं. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही.

आता ज्याकडे फारसं कोणी बघत नाही ते. पुढचं-मागचं डिफरेन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा), ट्रान्सफर केस (फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि गिअरबॉक्स, यांची तेलं कित्येक गाड्यांमध्ये कंपनीतून आली तशीच असतात. डिफरेन्शियलला दोन बोल्ट असतात, वरचा भरायचा आणि खालचा काढायचा. आधी वरचा उघडा! खालचा आधी उघडून तेल सोडून दिलं आणि मग वरचा जाम निघाला तर गाडी तिथेच बसली. खालच्या बोल्टला बहुतेक वेळा चुंबक असतं, त्यावर राखाडी गाळ पेस्टसारखा चिकटलेला दिसेल, तो झिजेचा आहे, पुसून टाका. बोटाला टोचणारे तुकडे किंवा दाताचा टवका मिळाला तर मात्र आत काहीतरी फुटलंय. तेल चॉकलेटी दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय, खोल पाण्यातून गेलेल्या गाडीत हे होतं, वरचा ब्रीदर पाईप, म्हणजे आतली हवा ये-जा करायची नळी, तुंबलाय का तुटलाय ते बघून घ्या.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल जळकं वास मारत असेल तर मशीनने फ्लश करण्याच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. साधं ड्रेन करून तेवढंच नवीन भरा, थोडंच निघतं कारण बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या तेलाच्या भांड्यात) राहतं, काही हजार किलोमीटरने पुन्हा करा.

उभी गाडी डीमधून आरमध्ये टाकताना खालून 'टक' येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून डिफरेन्शियलकडे जाणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, तपासा, ग्रीस निपल (ग्रीस भरायची बोंडं) असतील तर ग्रीस मारा, तेवढ्यावर बरेचदा भागतं.

ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतला ओलावा ओढतं. ब्रेकचे रबरी होज पाईप दाबून बघा, फुगलेला, चिरलेला किंवा लिबलिबीत लागला की बदला.

टायरची नक्षी छान दिसते म्हणून फसू नका, बाजूच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. आणि फोर बाय फोर असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर त्याचा ताण ट्रान्सफर केसवर जातो. लिव्हरवाली फोर बाय फोर महिन्यातून एकदा तरी टाकून थोडं चालवा म्हणजे आतले भाग जाम होत नाहीत, पण मातीवर किंवा खडीवर, कोरड्या डांबरावर नको, वळताना शाफ्टला पीळ बसतो आणि मग लिव्हर परत निघता निघत नाही.