दुःखात देवाशी भांडायचं कसं

घरात कोणी गेलं की चर्चमधली माणसं भेटायला येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलंच असतं, "देवाची इच्छा". मनात वाईट नसतं त्यांच्या, पण ज्याचं माणूस गेलंय त्याला ते ऐकवत नाही. तर तुम्हाला सध्या देवाचा राग येत असेल, प्रार्थनेला बसावंसंच वाटत नसेल, तर विश्वास गेला असं लगेच समजू नका, बायबलमध्ये देवाशी भांडणारे भरपूर आहेत.

सुरुवात स्तोत्र १३ पासून करा. सहाच वचनं आहेत. देवा, अजून किती दिवस मला विसरणार, असं तिथे पुन्हा पुन्हा थेट विचारलंय, मग काय हवं ते मागितलंय आणि भरवसा येतो तो अगदी शेवटी. तसंच आपलं एक वहीत लिहून काढा, म्हणजे नुसतं "मला शांती दे" नाही तर किमोचा खर्च, आईची रिकामी खोली, भावाशी तुटलेलं बोलणं, जे असेल ते नाव घेऊन. भाषा सजवू नका, देवाला काही ती तपासायची नाहीये.

भरवशाची ओळ येतच नाही? मग ओढूनताणून लिहू नका, स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं आणि तरीही ते बायबलमध्ये आहे. येशूनेसुद्धा वधस्तंभावर स्तोत्र २२ मधलीच हाक मारली, तू मला का सोडलंस म्हणून.

आता "माझ्याच वाट्याला का" हा प्रश्न. आपल्याकडे कोणी मागच्या जन्मावर ढकलतं, आणि चर्चमध्येही "काहीतरी पाप असेल" म्हणणारे भेटतातच. योहानाच्या शुभवर्तमानात, ९ व्या अध्यायात, जन्मांध माणसाबद्दल शिष्य नेमकं हेच विचारतात आणि येशू म्हणतो, ना याचं पाप ना याच्या आईबापांचं. हे वचन पाठ करून ठेवा, उपयोगी पडतं.

माझं मत विचाराल तर कारण शोधण्यात फार जीव घालवू नये. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, मग बहीण, पुढे भाऊ, आणि १८८२ मध्ये नवरा, पदरात तान्ही मनोरमा. याचं समाधानकारक उत्तर कोण देणार होतं? पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलीबायकांना घेऊन त्याच आल्या, केडगावचं मुक्ती, म्हणजे निराधार बायकामुलींचं आश्रयस्थान, त्यातूनच उभं राहिलं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, म्हणजे श्रद्धा होती म्हणून दुःख चुकलं असंही नाही, आणि तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. हे लगेच जमेल असं मात्र धरू नका, दुष्काळात आईबाप जाणं आणि केडगाव यात वीसेक वर्षं गेली.

ख्रिस्ती आशा म्हणजे पुनरुत्थान, पण उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे व्रण तसेच होते, थोमा या शिष्याला दाखवले त्याने. म्हणजे आशा धरली तर झालेलं विसरावं लागतं असं नाही.

झोप लागत नसेल, जीव द्यावासा वाटत असेल तर प्रार्थनेसोबत डॉक्टर पण हवाच, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, आणि तिथे फोन केला म्हणून विश्वास कमी ठरत नाही.

आणि भेटायला जाणार असाल तर बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवा, सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, बोलायला लागले आणि घोळ झाला. डबा न्या, बँकेच्या फॉर्मला मदत करा, आणि महिन्याभराने परत जा, तोवर बाकीच्यांचं येणं थांबलेलं असतं.