वर्गात आनंद आणि सर्जनशीलता हवी? मग या चुका टाळा

"बाई, आकाशाला निळाच द्यायचा ना?"

चित्रकलेच्या तासाला पाचवीतल्या एका मुलीने हे विचारलं, तेव्हा मी "हो" म्हणून पुढच्या बाकाकडे वळले. त्या दिवशी वर्गातली बेचाळीस आकाशं निळी झाली. घरी कागद चाळताना दिसलं, की सूर्यही सगळीकडे उजव्याच कोपऱ्यात उगवला आहे. फळ्यावर मी तो तिथे काढला होता ना! मुलांना दुसरे रंग माहीत नव्हते असं थोडंच आहे? बाईंच्या मनात एक चित्र आहे आणि आपण ते ओळखायचं आहे, एवढं मात्र त्यांना पक्कं माहीत होतं.

"मुलं स्वतःहून काहीच करत नाहीत", "वर्गात जीव नाही", अशी तक्रार अनेक सहकारी करतात. खोदून पाहिलं तर बहुतेक वेळा मुळाशी हेच असतं. मूल विचार करत नसतं, मोठ्यांच्या मनातलं उत्तर शोधत असतं. ही सवय आपणच लावतो, आणि तीही चांगल्या हेतूने. पुढच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत.

आनंदासाठी वेगळा तास ठेवणं

पाच दिवस घोकंपट्टी आणि सहाव्या दिवशी शेवटच्या तासाला 'सर्जनशील उपक्रम' असं वेळापत्रक असेल, तर मुलं त्यातून एकच गोष्ट शिकतात. इतर तासांना डोकं चालवायची गरज नाही. कागदाची फुलं करायला माझा विरोध नाही, पण कल्पकतेची खरी जागा रोजच्या गणितात आणि भाषेत आहे. "6 × 4 किती?" असं विचारलं की उत्तर एकच येतं आणि प्रश्न तिथेच संपतो. त्याऐवजी "ज्याचं उत्तर 24 येईल अशी जमतील तेवढी उदाहरणं बनवा" म्हणून पाहा. कुणी 20 + 4 लिहून थांबतं, तर कुणी 1000 - 976 लिहून पुढे 240 ÷ 10 वर पोचतं आणि पान उलटतं. सराव भरपूर होतो, शिवाय कुणाची समज कुठवर आली आहे ते चाचणीशिवाय कळतं. विज्ञानात प्रयोग करण्याआधी "काय होईल असं वाटतं, आणि का?" हे दोन ओळींत लिहून घ्या. अंदाज चुकलेली मुलं प्रयोग जास्त बारकाईने बघतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न विचारून श्वासही न घेणं

तेच पाच हात वर येतात, बाकीचे खाली बघतात. तुमच्या वर्गात असं होत असेल तर आधी घड्याळ तपासा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकल्या. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. एका सेकंदात आठवण बाहेर येते, विचार येत नाही. शिक्षकांनी तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबायला सुरुवात केली, तेव्हा उत्तरांची लांबी वाढली, "माहीत नाही" कमी झालं आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. मागे पडलेली समजली जाणारी मुलंही बोलू लागली.

हे वाचल्यावर मी माझा एक तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला. ऐकताना वाईट वाटलं. कित्येकदा प्रश्न मीच विचारला होता आणि उत्तरही मीच देऊन टाकलं होतं. एक मुलगा "कारण की..." म्हणून अडखळला आणि त्याचं वाक्य मी पूर्ण केलं. त्याला काय म्हणायचं होतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

थांबण्याची सवय आपोआप लागत नाही, तिला काहीतरी आधार लागतो. मी प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजते. तोवर हात वर करायचा नाही, हा वर्गाचा नियम आहे. अवघड प्रश्न असेल तर आधी सगळ्यांनी वहीत एक ओळ लिहायची, मग शेजाऱ्याला सांगायचं आणि त्यानंतर वर्गात बोलायचं. थांबण्याची आणखी एक जागा आपण हमखास विसरतो. मूल उत्तर देऊन थांबलं, की आपण लगेच "बरोबर!" म्हणतो. तिथेही तीन सेकंद गप्प राहा. पुष्कळदा मूल स्वतःच "म्हणजे असं नाही, पण..." म्हणत पुढे जातं, आणि सगळ्यात चांगलं वाक्य त्या "पण"नंतर येतं.

सुरुवातीचे काही दिवस ही शांतता अवघड वाटते, मुलांनाही आणि आपल्यालाही. तेवढ्यावरून सोडून देऊ नका.

पहिल्याच खर्ड्यावर लाल पेन आणि गुण

सहावीतल्या एका मुलाने पावसावरच्या निबंधात लिहिलं होतं, "आभाळ दातओठ खात होतं." मी त्या पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या चौदा चुकांना गोल केले आणि खाली 10 पैकी 5 लिहून वही परत केली. पुढच्या निबंधात त्याने सहा ओळी लिहिल्या. सगळे शब्द सोपे, एकही चूक नाही, आणि त्याचं स्वतःचं असं एकही वाक्य नाही. जुनी वही पुन्हा उघडली तेव्हा ते आभाळाचं वाक्य मी पहिल्यांदा नीट वाचलं. तपासताना ते माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं, पण मी वाचलं नव्हतं.

रूथ बटलर यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे आठवतो. काही मुलांना कामावर फक्त लेखी शेरा मिळाला, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही. शेरा मिळालेल्या मुलांची आवड टिकली आणि कामही सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्या मुलांना मात्र शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. आकडा दिसला की मूल बाकी काही वाचत नाही, हे कुठल्याही शिक्षकाला पटेल.

म्हणून आता पहिल्या खर्ड्याला मी गुण देत नाही. एका चांगल्या वाक्याखाली रेघ ओढते आणि एक प्रश्न लिहिते: "दातओठ खाणारं आभाळ पुढे काय करतं?" शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात बघायचं, आणि त्या वेळी मात्र कसोशीने बघायचं. शुद्धलेखन सोडून द्या असं माझं मुळीच म्हणणं नाही. दोन कामं एकाच वेळी मागितली तर मूल त्यातलं सुरक्षित काम निवडतं, एवढंच.

प्रत्येक कामाला चांदणी

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 मध्ये बालवाडीतल्या, चित्र काढायची आधीपासून आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना "चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल" असं आधीच सांगितलं. काही दिवसांनी हीच मुलं मोकळ्या वेळात चित्रकलेकडे इतरांपेक्षा निम्म्यानेच वळली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं होतं, त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे दोष शाबासकीचा नाही, "हे कर, मग ते मिळेल" या सौद्याचा आहे. जे काम मूल आपणहून करतंय, तिथे चांदण्या वाटू नका. आणि "किती हुशार आहेस!" म्हणण्यापेक्षा "तीन वेगळ्या पद्धती करून पाहिल्यास, त्यातली दुसरी का सोडलीस?" असं विचारा. हुशारीचं कौतुक झालेलं मूल पुढच्या वेळी अवघड काम टाळतं, कारण त्याला ती हुशारी सांभाळायची असते.

"काहीही करा" म्हणणं

हे दुसरं टोक. कोरा कागद आणि पूर्ण मोकळीक दिली की बरीचशी मुलं गोठतात किंवा नेहमीचंच डोंगर-नदी-घर काढतात. कल्पनेला थोडी अडचण लागते. "फक्त त्रिकोण वापरून गर्दी दाखवा", "एकही जोडाक्षर न वापरता गोष्ट लिहा", असं सांगून पाहा.

गोंगाट आणि हसू म्हणजेच आनंद समजणं

खेळ झाले, टाळ्या झाल्या, मुलं हसली. छान झालं, पण तेवढ्याने भागत नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने माणूस कामात तल्लीन कधी होतो याचा अनेक वर्षं अभ्यास केला. आव्हान आणि आपली क्षमता यांचा मेळ बसतो तेव्हा, असं त्यांचं सांगणं. काम फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. वर्गात हा आनंद शांत दिसतो. कपाळाला आठी, तोंडात पेन्सिलचं टोक, आणि घंटा झाली तरी न उठणारं मूल! मजेच्या नावाखाली धडा सोपा करून टाकला, तर हा आनंद आपण हिरावून घेतो.

बदल केला, तरी काही होत नाही?

एकदम सगळं बदललंत का ते पाहा. एक विषय, एक बदल आणि तीन-चार आठवडे एवढंच घ्या. वर्गात गोंधळ वाढला असेल तर मुलांना मोकळीक मिळाली आहे, पण काम नेमकं काय आणि किती वेळात हे कळलेलं नाही. ते फळ्यावर लिहा. अभ्यासक्रम मागे पडतोय अशी भीती असेल, तर नवं काही वाढवू नका, पुस्तकातलेच दोन प्रश्न उलटे करून विचारा. पालक गुण मागत असतील तर त्यांना पहिला आणि दुसरा खर्डा शेजारी ठेवून दाखवा. वाढ त्यांना दिसते.

एखादं मूल तरीही काहीच लिहीत नसेल, तर लिहिण्याचं ओझं काही दिवस आपण घ्यावं. अशाच एका मुलाजवळ मी बसले आणि म्हटलं, तू सांग, मी लिहिते. हरवलेल्या चपलेची गोष्ट होती. तीन वाक्यं त्याने सांगितली. चौथ्या वाक्याला त्याने माझ्या हातातून पेन घेतला, कारण मी लिहून होईपर्यंत त्याला धीर धरवेना.